छत्तीस वर्षांची सोनाली

शनिवारी सकाळी सव्वाआठला वैशाली ढोकेने मायक्रोस्कोपवरून मान वर केली आणि म्हणाली, “गजूभाऊ, चहा राहू द्या. आधी हे बघा.”

गजेंद्र बागुलने बशीतला चहा एका घोटात संपवला आणि मगच उठला. बशीत ओतलेला चहा कोणासाठीही टाकून उठायचं नाही, एवढा एक नियम त्याने अठरा वर्षांच्या नोकरीत न मोडता पाळला होता.

सुरतेत लिंबायतमधलं मलेरियाचं ते ऑफिस म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत हजेरीचं रजिस्टर, फवारणीचे पंप आणि गोळ्यांचे डबे. मागच्या खोलीत वैशाली, तिचा मायक्रोस्कोप आणि लाकडी खाचांमध्ये वाळत ठेवलेल्या रक्ताच्या काचा. गजेंद्रसारख्या कामगारांनी घरोघर फिरायचं, कोणाला ताप आहे का विचारायचं, असेल त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, चार गोळ्या द्यायच्या आणि काच इथे आणून वैशालीच्या हवाली करायची. वैशालीने त्यात जंतू शोधायचे. साल सत्त्याण्णव, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. पाऊस ओसरल्यावरचे हे दिवस तापाचे असतात. दिवसाला दीडशे काचा येत होत्या आणि वैशालीला दोनच डोळे होते, त्यामुळे मंगळवारच्या काचेला शनिवारी नंबर लागला होता.

गजेंद्रने मायक्रोस्कोपला डोळा लावला. गुलाबी पार्श्वभूमीवर बारीक निळ्या अंगठ्या. एक, दोन, चार, सहा. त्याला परीक्षा द्यावी लागली नव्हती, पण अठरा वर्षांत एवढं कळायला लागलं होतं.

“फाल्सिपेरम,” तो म्हणाला.

“आणि भरपूर,” वैशाली म्हणाली.

साधा मलेरिया माणसाला थंडीने हलवून, घामाने भिजवून सोडून देतो. हा दुसरा वाईट. दोन दिवस माणूस बरा वाटतो, कामावरही जातो, आणि मग अचानक बडबडायला लागतो, बेशुद्ध पडतो. त्या आधी गोळ्या पोटात गेल्या तर आठवड्यात खडखडीत बरा. म्हणून ऑफिसचा दंडक होता, की असली काच सापडली की त्याच दिवशी माणूस गाठायचा. इथे तर चार दिवस आधीच गेले होते.

“नाव?”

वैशालीने रजिस्टरवर बोट ठेवून वाचलं. “सोनाली. वय छत्तीस. स्त्री. गल्ली सात.”

गल्ली सात म्हणजे गजेंद्रची स्वतःची गल्ली. दोनशे बारा घरं, आणि त्यातल्या दोनशे घरांच्या चुलीवर काय शिजतं ते त्याला माहीत होतं. वडिलांची तिथी म्हणून तो आठवडाभर शिंदखेड्याकडे गावी गेला होता, आणि त्याच्या जागी दुसऱ्या भागातला भगवानभाई बदली म्हणून फिरला होता.

गजेंद्रने गोळ्यांची पिशवी खांद्याला लावली, सायकलची चावी उचलली, आणि दारातून परत फिरला.

“बेन, तुमच्या अमरावतीकडे छत्तीस वर्षांच्या बाईचं नाव सोनाली असतं का हो?”

“का बरं?”

“छत्तीस म्हणजे एकसष्टचा जन्म. आमच्याकडे एकसष्ट साली पोरगी झाली, की इंदू, सुमन, मंदा, पुष्पा. फार लाड असले तर शोभा. सोनाली हे नाव आमच्या गल्लीत टीव्हीच्या मागून आलं. सगळ्यात मोठी सोनाली अजून शाळेत आहे.”

वैशालीने रजिस्टर पुन्हा पाहिलं, मग भगवानभाईचा मूळ कागद काढला. त्यावर गुजराती अक्षरात नाव होतं, वय होतं, गल्ली होती. स्त्री की पुरुष हा रकाना कोरा होता.

“हे मी लिहिलं,” ती म्हणाली. तिचे कान लाल झाले. “नाव सोनाली दिसलं, म्हणून रजिस्टरमध्ये स्त्री लिहून टाकलं. रकाना कोरा ठेवला तर वरून विचारतात ना.”

“आता मीच विचारतोय,” गजेंद्र म्हणाला, पण हसत म्हणाला.

भगवानभाई शुक्रवारी रात्रीच बारडोलीजवळच्या आपल्या गावी गेला होता. त्याच्या शेजाऱ्याकडे फोन होता. वैशालीने फोन लावला. शेजाऱ्याने सांगितलं, की भगवानभाई उसाच्या शेतात गेलाय, संध्याकाळी येईल, निरोप सांगतो. संध्याकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. गजेंद्र सायकलवर बसला.

सातव्या गल्लीत नळाला पाणी यायची वेळ झाली होती. हंडे रांगेला लावून बाया ओट्यांवर बसल्या होत्या. धुळे, नंदुरबार, अमळनेर, चोपडा. अर्धा खानदेश त्या एका रांगेत बसलेला होता. सगळ्यांत वयस्कर सुभद्राबाई नळाच्या अगदी तोंडाशी बसायची. तिचा हंडा कितवाही असो, पहिला भरायचा.

“उनात का गजूभाऊ? पितर जेवाडी उनात?”

“आलो. सुभद्राबाई, एक सांगा. आपल्या गल्लीत छत्तीस वर्षांची सोनाली कोण आहे?”

रांग एकदम फुटली. हंड्यांवर हात आपटून बाया हसल्या.

“छत्तीस वरीसनी सोनाली?” सुभद्राबाईने पदराने डोळे पुसले. “गजूभाऊ, डोकं गावलेच ठेईसन उनात का? आमना गल्लीमा ज्या सोनाली शेतस त्या बठ्ठ्या शेंबड्या.”

“किती आहेत?”

बाया मोजायला लागल्या. इंदुबाईची सोनाली नऊ वर्षांची. कोपऱ्यावरच्या शिंप्याची सहा वर्षांची. एक चौदाची, तिला आता सोनालीताई म्हटल्याशिवाय ती ओ देत नाही. आणि एक अजून रांगणारी. चार.

गजेंद्र ओट्यावर टेकला. पोरगी खरी आणि वय मोठ्या माणसाचं. म्हणजे रक्त आईचं किंवा बापाचं. आईचं असतं तर आईने आपलं नाव सांगितलं असतं. या गल्लीतल्या बाईला स्वतःचं नाव सांगायला लाज वाटत नाही. तिला एकच नाव तोंडाने घेता येत नाही, ते नवऱ्याचं. बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, कुठेही. गजेंद्रची स्वतःची बायको वीस वर्षं त्याला दीपकचे बाबा म्हणत होती, आणि मतदारयादीचा माणूस घरी आला तेव्हा तिने नवऱ्याचं नाव सांगायला शेजारणीला बोलावून आणलं होतं. गजेंद्र असता तर त्याने नाव विचारलंच नसतं, त्याला ते माहीतच असतं. बदलीवरच्या भगवानभाईने विचारलं असणार, आणि बाईने मुलीचं नाव पुढे केलं असणार.

“बाईचं नव्हे, बाप्याचं रक्त आहे,” तो म्हणाला. “मंगळवारी मलेरियावाल्याने कोणाच्या सोनालीच्या बापाचं रक्त घेतलं?”

इंदुबाईने मान हलवली. तिच्या घरी ताप कोणालाच नव्हता. शिंप्याची बायको म्हणाली, आमचा माणूस सुई दिसली की पळतो, रक्त कुठलं देणार. चौदा वर्षांच्या सोनालीचा बाप दोन महिने झाले गावी होता. रांगणाऱ्या सोनालीचा बाप समोरच उभा होता. तो चोवीस वर्षांचा होता, धडधाकट होता आणि हातात दात घासायची मिसरी होती.

चारही नाहीत. गजेंद्र ओट्यावरून उठला.

“पाचवी व्हती ना व,” सुभद्राबाई म्हणाली. “पुष्पाबाईनी भाडेकरीण. तिनीबी सोनालीच.”

“होती म्हणजे?”

“गयात ना त्या. बिस्तरवारले. पितरपाटामा कोनी घर बदलस का? मी सांगं त्यासले, नवरात बसू द्या, मग जा. पन खातावाला मास्तरनी खोली देल्ही, म्हने आजच या नही तर दुसराले दिसू.”

खातं म्हणजे सुरतेतला यंत्रमागाचा कारखाना. गुरुवारी गेले, आज शनिवार. घरमालकीण पुष्पाबाईला हाक गेली. ती हातातलं पीठ झटकत आली. हो, सोनालीच्या बापाला ताप होता, रविवारपासून गोधडी घेऊन पडला होता. मंगळवारी मलेरियावाला आला होता, तिने स्वतः पाहिलं. बुधवारी ताप उतरला, गुरुवारी सामान हातगाडीवर टाकून गेले.

“कुठे?”

“उधनामा.”

“उधन्यात कुठे?”

“ते काय म्हाईत भाऊ. खाताजोडे.”

“त्या माणसाचं नाव काय?”

पुष्पाबाईने सुभद्राबाईकडे पाहिलं. सुभद्राबाईने इंदुबाईकडे. तो माणूस नऊ महिने त्यांच्या शेजारी राहिला होता. त्याला तिखट चालत नाही, त्याची आई वारली तेव्हा तो तीन दिवस बोलला नाही, त्याला आठ तासांच्या वर झोप लागली की डोकं दुखतं, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि गजेंद्रच्या ओळखीच्या दोनशे घरांत हे घर नव्हतं.

“सोनालीना बाप,” पुष्पाबाई म्हणाली. “दुसरं काय नाव ऱ्हास?”

उधन्यात खाती किती असतील हे गजेंद्रने मोजलं नव्हतं, मोजायची सोयही नव्हती. रेल्वेच्या पलीकडे मैलभर नुसता खडखडाट होता. प्रत्येक खात्याजवळ खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत तापाने किंवा बिनतापाने झोपलेला एक तरी खानदेशी होता. बिननावाच्या माणसाला तिथे शोधायचं तर नवरात्र उजाडलं असतं.

“आणि पोरगी?” त्याने विचारलं. “पोरगीची शाळा बदलली?”

“शाळा कशी बदलतीन?” इंदुबाई म्हणाली. “सहामाई परीक्षा शे. मनी सोनाली नि ती एकाच वर्गमा शेतस. सकाळे दिसनी माले, मायना संगे.”

गजेंद्रने घड्याळ पाहिलं. दहा पन्नास. शनिवारची सकाळची शाळा साडेअकराला सुटायची आणि मग सोमवारीच उघडायची. तो सायकलवर असा काही बसला, की सुभद्राबाई मागून ओरडली, “ब्रेक शेत का भाऊ त्या सायकलले?”

शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. सुमन देवरे नावाच्या बाई तिथे बावीस वर्षं शिकवत होत्या आणि त्या शनिवारी मुख्याध्यापकांच्या खुर्चीतही त्याच होत्या. गजेंद्रने धापा टाकत सांगितलं, की एक सोनाली हवी आहे.

“अकरा आहेत,” देवरेबाई शांतपणे म्हणाल्या. “कुठली देऊ?”

“तिसरीतली. इंदुबाईच्या सोनालीच्या वर्गातली.”

“तिसरीत तीन आहेत. एकीला आम्ही सोनाली मोठी म्हणतो, एकीला सोनाली छोटी, आणि तिसरीला बोरशांची सोनाली.” त्यांनी दाखलारजिस्टर उघडलं, जीभ गालात घालून पानं उलटली आणि रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं. बोरसे सोनाली लोटू. वडिलांचं नाव लोटू देवराम बोरसे. धंदा, मजुरी. पत्ता, लिंबायत, गल्ली सात.

चार दिवसांत पहिल्यांदाच त्या काचेला माणसाचं नाव मिळालं. गजेंद्रने ते दोनदा वाचलं.

“लोटू,” देवरेबाई म्हणाल्या. “म्हणजे आधीची भावंडं जगली नसणार. असं काही नाव ठेवलं की पोर टिकतं, असं म्हातारी माणसं मानायची.”

“माझ्या वडिलांचं नाव उखर्डू,” गजेंद्र म्हणाला. “ब्याऐंशी वर्षं टिकले.”

“मग हाही टिकेल. बसा, पाणी प्या. पत्ता जुना आहे, पण पोरीला घ्यायला तिची आई येते. रूळ ओलांडायचे असतात ना, एकटीला सोडत नाही ती.”

सोमवारी भगवानभाई कामावर आला तेव्हा त्याने सांगितलं ते असं. बाई नाव सांगेना. माणूस गोधडीत दात वाजवत होता, त्याला बोलता येत नव्हतं. आणखी चाळीस घरं व्हायची होती. मग त्याने दारात खेळणाऱ्या पोरीला विचारलं, तुझं नाव काय, आणि तेच लिहून टाकलं. स्त्री-पुरुष रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो सोडून दिला. गजेंद्र परत आला की त्याला कळेल, असा त्याचा हिशेब होता. त्याला सगळ्यांनी बोलून घेतलं. फक्त देवरेबाईंचं म्हणणं वेगळं पडलं. त्या म्हणाल्या, त्याने बापाचं नाव बरोबर लिहिलं असतं, तर गल्ली सातमध्ये लोटू बोरसे कोण हे एकाही बाईला सांगता आलं नसतं, आणि गजेंद्र शाळेत आलाच नसता. हेही खोटं नव्हतं.

त्या शनिवारी साडेअकराला पाच मिनिटं असताना मंदा बोरसे शाळेच्या फाटकाशी आली. सडपातळ, कपाळावर घाम, पायांवर नव्या रस्त्याची धूळ. गजेंद्रच्या खांद्यावरची पिशवी पाहून तिने ओळखलं.

“सोनालीची आई ना? मंगळवारी तुमच्याकडे रक्त घेतलं.”

“हां. सोनालीना बापनं.”

“आता ताप कसा आहे?”

“उतरना व्हता भाऊ. काल सांजपासीन परत चढना. रातभर कन्हेत. सकाळे उठीसन खाताले चालना गयात.”

“बडबड? उलटी? डोकं खूप दुखतं?”

“डोकं दुखस. बडबड नही.”

गजेंद्रने श्वास सोडला. “चार गोळ्या दिल्या होत्या, त्या घेतल्या का?”

“दोन खाद्यात. दोन ठेवेल शेतस.”

“ठेवल्या? कशाला?”

“पुढला तापले,” मंदा म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून तिने विचारलं, “चुकनं का?”

“चुकलं. पण अजून वेळ आहे. चला, खातं दाखवा.”

मुलीला सायकलच्या दांड्यावर बसवलं, मंदा शेजारून चालत निघाली. रूळ ओलांडले. वाटेत गजेंद्रने तिला आजार समजावून सांगितला, भीती न घालता आणि काही न लपवता. मंदाने चालण्याचा वेग वाढवला. शेवटी सायकलच तिच्या मागे पडायला लागली.

खात्यात शिरलं की कान बंद होतात. पत्र्याखाली अठ्ठेचाळीस माग एका वेळी आदळत होते. तिथले कारागीर एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. मंदाने दुरूनच ओठांनी काहीतरी म्हटलं आणि शेवटच्या ओळीतल्या एका माणसाने मान वर केली. कपाळाला रुमाल बांधलेला, डोळे लाल, गालाची हाडं वर आलेली. एक हात मागाच्या चौकटीवर होता. तो हात मागावर लक्ष ठेवायला नव्हता, तोल सांभाळायला होता. गजेंद्रने मनगट धरलं. तव्यासारखं तापलं होतं.

“घरी चला,” तो ओठांनी म्हणाला.

लोटूने मान हलवली आणि मास्तरकडे बोट दाखवलं.

मास्तर पन्नाशीचा, दाराशी खुर्ची टाकून बसलेला. तो गजेंद्रला बाहेर घेऊन आला, जिथे ओरडून का होईना, बोलता येत होतं.

“आजे नहीं, भाई. बदलीवाळो नथी. छ माग बंध पडशे. सांजे सात वाग्ये लई जजो.”

“सात वाजेपर्यंत तो उभा राहणार नाही, मास्तर.”

“अरे, सवारथी ऊभो ज छे ने!” म्हणजे सकाळपासून उभाच आहे की.

गजेंद्रने वाद घातला नाही. तो खात्याच्या मागच्या बाजूला गेला. तिथे सिमेंटची टाकी होती, झाकणाऐवजी वर फाटकं पोतं. त्याने पोतं उचललं, पिशवीतून पळी काढली, पाणी घेतलं आणि पळी उन्हात धरली. पळीत आठ-दहा अळ्या वळवळत होत्या.

“मास्तर, हे बघा.”

मास्तरने पाहिलं. मग त्याने गजेंद्रच्या पिशवीकडे पाहिलं, जिच्यातून नोटीशीच्या पुस्तकाचा पिवळा कोपरा दिसत होता.

“आ तो... आजे ज साफ करवानी हती.”

“आजच करा. टाकी रिकामी, घासून, उन्हात वाळवून. मी तीन वाजता बघायला येतो.” गजेंद्रने पळीतलं पाणी वाळूत ओतलं. “आणि त्या माणसाला मी घेऊन जातो. मंगळवारी परत येईल.”

नियम असा होता, की पहिल्या वेळी सापडलं तर फक्त तोंडी समज द्यायची, नोटीस दुसऱ्या वेळी. मास्तरला तो माहीत नव्हता आणि गजेंद्रने सांगितला नाही. बदलीवाला दहा मिनिटांत सापडला. तो शेजारच्याच खोलीत झोपला होता.

“एना माग एना ज रेशे,” मास्तर मागून ओरडला, म्हणजे लोटूचे माग लोटूचेच राहतील. हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. मंदाने वळून एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता.

नवी खोली खात्याच्या मागच्या चाळीत होती. सामान अजून गाठोड्यांतच होतं, फक्त स्टोव्ह आणि तवा बाहेर काढलेला. गजेंद्रने काखेत थर्मामीटर लावला. एकशे तीनला थोडं कमी. डोळ्यांत डोळे घालून त्याने लोटूला वार विचारला, गाव विचारलं, पोरीची इयत्ता विचारली. लोटूने तिन्ही बरोबर सांगितलं आणि वर म्हणाला, “मनी परीक्षा ली ऱ्हायनात का?”

“हो. पास झालास.” गजेंद्रचा आवाज आता मोकळा झाला होता. “रिकाम्या पोटी गोळ्या द्यायच्या नाहीत. काही खाल्लंय?”

“सकाळपासीन काहीच नही,” मंदा म्हणाली, आणि बोलता बोलताच स्टोव्ह पेटवला. कळण्याची भाकरी तव्यावर टाकली. लोटूने अर्धी भाकरी दुधात कुस्करून नेटाने खाल्ली. मग गजेंद्रने आपल्या हाताने गोळ्या मोजून दिल्या, आजच्या चार आणि त्यांच्याबरोबर या तापाच्या वेगळ्या, आणि शेवटची घशाखाली जाईपर्यंत समोर बसून राहिला. उद्या चार, परवा दोन. त्या तो स्वतः आणून देणार होता, खोलीत ठेवणार नव्हता. रात्री बडबड सुरू झाली किंवा उठवून उठला नाही, तर वाट न बघता रिक्षाने हॉस्पिटल गाठायचं, हे त्याने मंदाकडून दोनदा म्हणवून घेतलं.

“आता अर्धा तास मी इथेच बसणार,” तो म्हणाला. “उलटी झाली तर गोळ्या वाया जातात, पुन्हा द्याव्या लागतात.”

“उद्या रविवार शे ना भाऊ. सुट्टी ऱ्हास तुम्हले.”

“तापाला कुठे असते? आठला येतो.”

तेवढ्या वेळात त्याने मंदाच्या आणि सोनालीच्या बोटांतून रक्त घेतलं. सोनालीने डोळे मिटले नाहीत; सुई कुठे जाते ते तिला बघायचं होतं. काचा कागदात गुंडाळून पिशवीत गेल्या. बाहेर खात्याचा खडखडाट चालूच होता, आणि त्यात मधूनच टाकी घासल्याचा आवाज येत होता.

लोटू भिंतीला पाठ टेकून बसला. दहा मिनिटं झाली. त्याला एकदा उमासा आला, मंदाने घमेलं पुढे सरकवलं, गजेंद्र अर्धा उठला. लोटूने हाताने थांबवलं, डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि गिळून टाकलं. वीस मिनिटं झाली. पंचवीस. कपाळावर घामाचे बारीक थेंब यायला लागले, आधी रुमालाच्या कडेला, मग भुवईवर. मंदाने पदराने ते टिपले, पुन्हा आले, पुन्हा टिपले.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी अर्धा तास भरला. गजेंद्रने आणखी पाच मिनिटं वाट पाहिली, ती कोणत्या नियमात नव्हती. मग वहीत वेळ लिहिली.

लोटूने डोळे उघडले आणि ताटाकडे पाहिलं.

“ती उरेल अर्धी भाकर,” तो म्हणाला, “ठेवेल शे का?”

मंदाने भाकरी परत तव्यावर टाकली आणि स्टोव्हला दोनदा पंप मारला.